पोर्चमध्ये पोर्सेलिन घालावी का?

बंगला असो की गावाकडचं दुमजली घर, पार्किंगची फरशी हा बांधकामातला सगळ्यात शेवटचा विषय असतो. तोवर किचनचा ओटा, बाथरूमचे नळ आणि हॉलचं पीओपी यांवर ठरवल्यापेक्षा जास्त पैसे गेलेले असतात. पार्किंगच्या जागेत वर्षभर खडी-वाळूचे ढीग आणि सेंट्रिंगच्या फळ्या पडून असतात. ते उचललं, की वास्तुशांतीच्या तोंडावर मिस्त्रीला सांगितलं जातं, 'तेवढं पार्किंग उरकून टाका.' मग घरातली मंडळी टाइल्सच्या दुकानात जातात आणि सगळी चर्चा रंगावर आणि नक्षीवर होते.

अलीकडे ही चर्चा बहुतेक वेळा पोर्सेलिन किंवा व्हिट्रिफाइड टाइलवर येऊन थांबते, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडचा पोर्च एकट्या गाडीसाठी कधीच नसतो. चैत्र-वैशाखात तिथे कुरडया वाळतात, दिवाळीत रांगोळी पडते, गौरींना पंगत बसते, हळद लागते. पावसाळ्यात पोरं तिथेच खेळतात आणि ओले कपडेही तिथेच वाळतात. एवढी कामं करणारी जागा पुसता-धुता यावी, ही अपेक्षा अगदी रास्त आहे. शंका उरते ती एकच: हॉलमधली ही नाजूक वाटणारी टाइल गाडीखाली टिकेल का? टिकते. मात्र ती टिकण्याचं श्रेय टाइलला फारसं नसतं. ते तिच्या खाली जे गाडलं गेलंय त्याला असतं, आणि नेमकं तिथेच आपण हात आखडता घेतो.

पूर्वी कोकणात अंगणाला जांभा किंवा सारवण असे, देशावर शहाबादी. सह्याद्रीचा काळा पाषाण कणखर खरा, पण त्याचे पातळ थर सहजी सुटत नाहीत. त्यामुळे महाराष्ट्राची फरशी आली ती शेजारून: शहाबाद आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात, तांदूर तेलंगणात, कडप्पा आंध्रात, कोटा पार राजस्थानात. हे चारही दगड चुनखडीच्या कुळातले. दीड इंच जाडीच्या खरखरीत शहाबादीला गाडीच्या वजनाचं काही वाटत नाही, पण तिला तेल आणि ॲसिड सोसत नाही. इंजिन ऑइल गळलं की दगड ते पितो आणि काळा डाग कायमचा राहतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी किंवा बाथरूम साफ करायचं ॲसिड सांडलं, तर दगडाचा पृष्ठभाग फसफसून कुरतडला जातो. सिमेंटच्या चौकडीच्या टाइल्स, ज्यांना दुकानात अजूनही 'पार्किंग टाइल्स' म्हणून ओळखतात, त्या स्वस्त असतात आणि त्यांवर पाय घसरत नाही. पण खाचांत धूळ बसते आणि दोन-चार पावसाळ्यांत रंग विटतो.

पोर्सेलिन या दोन्ही तक्रारींवर भारी पडते. माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांची भुकटी प्रचंड दाबाखाली दाबायची आणि साधारण १२०० अंश सेल्सिअसला भाजायची. त्या तापमानाला फेल्डस्पार वितळून काचेसारखा छिद्रांत भरतो आणि टाइल जवळपास निश्छिद्र होते. पोर्सेलिन म्हणवून घ्यायचं तर टाइलनं आपल्या वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषता कामा नये. तिच्यात तेल मुरत नाही आणि बॅटरीच्या ॲसिडनं तिला काही होत नाही. देशातला बहुतांश माल मच्छू नदीकाठच्या मोरबीतून येतो. तिथल्या भट्ट्या पूर्वी कोळशापासून बनवलेल्या वायूवर चालत. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं त्या पद्धतीवर बंदी घातली आणि भट्ट्या नैसर्गिक वायूकडे वळल्या. गॅस महागला की आपल्या पोर्चचा भाव हलतो, तो यामुळे.

दुकानात गेलात की जीव्हीटी, पीजीव्हीटी, डबल चार्ज, फुल बॉडी अशी नावं कानावर पडतात. पार्किंगपुरतं बघायचं तर जीव्हीटीत वर छापलेली नक्षी आणि त्यावर काचेचा पातळ थर असतो. पीजीव्हीटी तीच, पण चकचकीत. डबल चार्जला वरचे तीन-चार मिलिमीटर रंगीत मातीचे असतात. फुल बॉडी आरपार एकाच रंगाची. चाकाखालची वाळू रोज घासत राहणार, म्हणून नक्षीपेक्षा फुल बॉडी बरी. तिचा टवका उडाला तरी आतून वेगळा रंग डोकावत नाही. पार्किंगसाठी म्हणून मोरबीत एक फुटी किंवा सोळा इंची, बारा मिलिमीटरच्या आसपास जाडीची, वर 'पंच' उठवलेली टाइल खास बनते. दिसायला ती साधी असते, पण माझं मत तिच्याच बाजूनं आहे.

आता वजनाचा हिशेब, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. लहान गाडी माणसांसकट बाराशे किलोंची धरली तर एका चाकावर तीनशे किलो. चाकात हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन-अडीच किलो. चाक जमिनीला जेवढं टेकतं तेवढ्या जागेवर दाबही साधारण तेवढाच पडतो. साधं एम-२० काँक्रीट दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलो सोसतं, म्हणजे चाकानं टाइल चिरडली जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. टाइल मोडते ती वाकल्यामुळे. मानकाप्रमाणे साडेसात मिलिमीटर किंवा त्याहून जाड पोर्सेलिननं किमान १३०० न्यूटनचा भार सोसावा लागतो. ही चाचणी घेताना टाइल दोन दांड्यांवर ठेवतात आणि मध्यावर दाबतात. १३०० न्यूटन म्हणजे ढोबळमानानं १३० किलो. याचा सरळ अर्थ असा, की टाइल खालून अधांतरी असेल तर तीनशे किलोंचं चाक ती पेलू शकत नाही आणि खालून पूर्ण टेकलेली असेल तर तिला वाकायला जागाच नसते. दहा मिलिमीटरऐवजी बारा घेतली तर थोडा फायदा होतो, पण पोकळीवर उपाय तो नव्हे. वीस मिलिमीटरच्या टाइल्सचंही तसंच. 'यावरून ट्रक जाईल' असं विक्रेता सांगतो, पण ते खरं ठरतं खाली काँक्रीट असून त्याला टाइल पूर्ण चिकटवली तर. तीच टाइल प्लास्टिकच्या पायांवर किंवा नुसत्या खडीवर अंथरली, तर ती माणसांच्या वर्दळीपुरतीच असते.

अमेरिकेत फरशीची एक चाचणी घेतात, रॉबिन्सन चाचणी. तिच्यात एकटी टाइल तपासत नाहीत. खालचा थर, चिकटवणारा मसाला, टाइल आणि सांधे असा सगळा तुकडा तयार करून त्यावर तीन चाकं गोल फिरवतात, आधी मऊ रबराची, मग कडक रबराची, शेवटी पोलादी, आणि भार वाढवत नेतात. कुठल्या फेरीला काय फुटतं त्यावर त्या बांधणीची प्रत ठरते. आपल्या हातात खोक्यावरचे आकडे पडतात ते एकट्या टाइलचे, आणि आपण त्यांवर निर्धास्त होतो.

चारचाकीपेक्षा दुचाकी टाइलची जास्त परीक्षा बघते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. साडेतीनशे सीसीची बुलेट १९५ किलोंच्या घरात असते. तिच्या साइड स्टँडचा पाय दोन बोटांएवढा, त्यालाही झिजून धार आलेली. गाडी स्टँडवर तोलून गर्रकन वळवायची सवय असेल तर मोठा भार त्या दोन बोटांवर येतो. जीव्हीटीवर तिथे ओरखड्याचं अर्धवर्तुळ उमटतं आणि खाली पोकळी असेल तर टाइलचा कोपरा जातो. पंक्चर काढताना लावलेल्या जॅकचंही हेच. जॅकखाली फळीचा तुकडा ठेवायचा, मग तो कितीही कंटाळवाणा उद्योग असो.

आता जमिनीखाली जाऊ. पार्किंगची जागा ही प्लॉटमधली सगळ्यात जास्त खणली गेलेली जागा. तिच्यातून ड्रेनेजची लाइन जाते, पाण्याची पाइपलाइन जाते, विजेची केबल जाते, आणि प्रत्येक चर नंतर निघालेल्याच मातीनं आणि तुटक्या विटांनी बुजवलेला असतो. त्यावर कोबा टाकला की दोन पावसाळ्यांत चर बसतो आणि फरशीवर पाइपच्या रेषेनं तडा उमटतो. तडा वाकडातिकडा न जाता सरळ रेषेत गेला, तर टाइलवाल्याला बोल लावण्याआधी ड्रेनेजचा नकाशा काढून बघावा. चर बुजवायचा तो मुरमानं, सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून आणि धुमसून. त्यावर दगडी सोलिंग, त्यावर किमान चार इंच काँक्रीट. भराव ताजा असेल तर काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी घालावी.

काळ्या मातीच्या भागात, म्हणजे सोलापूर, मराठवाडा, विदर्भ आणि नाशिक-नगरच्या बऱ्याच पट्ट्यात, एवढ्यानं भागत नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. घराच्या भिंती खोल पायावर उभ्या असतात, त्यामुळे घर जागेवर राहतं आणि पोर्चची जमीन मात्र वर-खाली होत राहते. तिथे काळी माती निदान दीड-दोन फूट काढून मुरूम भरल्याशिवाय पोर्सेलिनचा विचारही करू नये. तेवढा खर्च जमणार नसेल तर पेव्हर ब्लॉक घालावेत. ते जमिनीबरोबर हलतात आणि पुन्हा काढून बसवताही येतात.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे पार्किंगखालची टाकी. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांत जमिनीखालची टाकी हवीच आणि लहान प्लॉटमध्ये तिला दुसरी जागा नसते. कुठे सेप्टिक टँकही तिथेच असतो. टाकीचा स्लॅब टाकीच्या भिंतींवर बसलेला असतो, तो खचत नाही. भोवतालचा कोबा मातीवर बसलेला असतो, तो थोडाफार खचतोच. या दोहोंच्या सीमेवर आडवी टाइल बसवली की ती त्या रेषेवर तुटणार, कंपनी कुठलीही असो. उपाय साधा आहे. फरशीचा सांधा बरोबर त्या रेषेवर आणायचा आणि तो सिमेंटऐवजी लवचिक सीलंटनं भरायचा. त्यासाठी टाकीची कड कुठे आहे हे फरशी घालणाऱ्याला ठाऊक हवं, पण टाकी बांधणारा गवंडी आणि फरशीवाला यांची सहसा गाठच पडत नाही. म्हणून कोबा टाकण्याआधी मालकानं मोबाइलवर फोटो काढून मापं लिहून ठेवावीत. टाकीच्या झाकणाची हौसही आवरावी. फरशीत बेमालूम मिसळणारं, वरून टाइल बसवलेलं झाकण छान दिसतं, पण त्याची चौकट गाडीच्या वजनाची नसेल तर ते आधी डुगडुगतं आणि मग कडेच्या टाइल्स फोडतं. झाकण चाकांच्या वाटेत येणारच नाही असं आधीच ठरवणं सगळ्यात उत्तम.

चिकटवण्याच्या बाबतीत पोर्सेलिनचा गुणच तिचा दोष ठरतो. शहाबादी किंवा सिमेंटची टाइल मसाल्यातलं पाणी शोषते आणि त्याबरोबर सिमेंट तिच्या छिद्रांत शिरून घट्ट धरतं. पोर्सेलिनला छिद्रंच नाहीत. वाळू-सिमेंटच्या मालावर सिमेंटची स्लरी ओतून टाइल ठोकून बसवायची जुनी रीत तिच्या बाबतीत फसते. टाइल बसल्यासारखी दिसते, पण धरत नाही. शिवाय टाइलच्या पाठीवर पांढरट पूड असते. भट्टीच्या रुळांना टाइल चिकटू नये म्हणून कारखान्यात ती लावलेली असते, आणि अर्थातच ती आपल्या मसाल्यालाही चिकटू देत नाही. ओल्या फडक्यानं पाठ पुसणं हे दोन सेकंदांचं काम, पण ते करणारा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नये.

टाइल ॲढेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे आणि त्यात टाइप १ ते टाइप ५ अशा पायऱ्या आहेत. टाइप २ घरातल्या पोर्सेलिनला चालतं. पार्किंगसाठी मी टाइप ३ च्या खाली उतरणार नाही. वीस किलोंच्या गोणीत पन्नास चौरस फूट होतात असं सांगितलं जातं. ते खरंही आहे, पण तीन मिलिमीटर जाडीला. कोबा कधीच आरशासारखा सपाट नसतो आणि गाडीखाली एकही पोकळी नको असते, तेव्हा थर पाच-सहा मिलिमीटरचा होतो आणि गोणी पंचवीस-तीस फुटांतच संपते. मालकानं पन्नासच्या हिशेबानं गोण्या आणून दिल्या, की तूट भरून काढायचे कारागिराकडे दोनच मार्ग उरतात. एक तर ॲढेसिव्हमध्ये सिमेंट मिसळायचं, नाहीतर टाइलच्या चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून टाइल दाबायची. दुसरा मार्ग जास्त घातक, कारण पाच गोळ्यांच्या मधली सगळी जागा पोकळ राहते आणि वर उल्लेखलेली दोन दांड्यांवरची चाचणी तुमच्या पोर्चमध्ये रोज सुरू होते. दातेरी थापीनं एकाच दिशेला रेघा ओढायच्या, टाइलच्या पाठीलाही पातळ हात फिरवायचा आणि पहिल्या काही टाइल्सपैकी एक बसवल्याबरोबर उपटून बघायची. पाठ जवळपास पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. मे महिन्याच्या उन्हात पसरलेल्या ॲढेसिव्हवर काही मिनिटांतच साय धरते. बोट लावून बोटाला माल लागला नाही तर तो खरवडून टाकायचा, पाणी शिंपडून पुन्हा वापरायचा नाही.

सांधा दिसूच नये, हा आपला हट्ट घरात एकवेळ चालतो. पोर्चमध्ये दुपारी ऊन आत येतं. सोळा फूट लांबीची पोर्सेलिन तीस अंशांनी तापली तर जेमतेम एक मिलिमीटर वाढते. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण दोन फुटी दोन टाइल्सना दोन्हीकडून मिळून एक मिलिमीटरनं आवळलं आणि त्या खालून सुटलेल्या असल्या, तर भूमितीच्या हिशेबानं त्यांचा मधला सांधा जवळपास इंचभर वर उचलला जातो. भर दुपारी 'फाट्' असा आवाज होऊन फरशी उठते ती अशी. म्हणून टाइल्समध्ये निदान तीन मिलिमीटरची फट, भिंतीकडेनं स्कर्टिंगखाली लपणारी मोकळी जागा आणि उन्हाच्या भागात दर आठ ते बारा फुटांवर एक लवचिक सांधा ठेवावा. बाकी सांधे इपॉक्सी ग्राउटनं भरले तर तेल-ॲसिडला दाद देत नाहीत आणि लोणाही कमी फुटतो. ते महाग असतं आणि हात बसलेला कारागीर नसेल तर टाइलवर त्याचा चिकट पापुद्रा राहतो, तो निघता निघत नाही.

घसरण्याबद्दल थोडक्यात. जर्मन उतार-चाचणीवरून आलेली आर ९ ते आर १३ ही श्रेणी चांगल्या कंपन्या देतात. छपराखाली आर १० चालेल, उघड्यावर आर ११ हवी. चकचकीत टाइल पावसाळ्यात स्कूटरवाल्याला गेटपाशीच लोळवते. फार खरखरीत घेतली तर चाकांचा काळा मळ धरते आणि रांगोळी पुसताना नाकी नऊ येतात. दहा फुटांना एक ते दीड इंच ढाळ पुरतो आणि तो एकाच बाजूला, जाळीच्या गटाराकडे द्यावा. दोन बाय चारची मोठी टाइल दोन दिशांचा ढाळ घेऊच शकत नाही, तिच्या एका कोपऱ्यात पाणी साचणारच. गेटबाहेरचा रॅम्प मात्र टाइलचा करूच नये. तिथे काँक्रीटला आडव्या खाचा मारलेल्या बऱ्या. डांबरीकरणाच्या दर खेपेला रस्ता वर चढतो, तेव्हा तो रॅम्प आज ना उद्या फोडावा लागणारच.

पोर्सेलिनला पर्याय म्हणून ट्रीमिक्स काँक्रीट सगळ्यात बेफिकीर. त्यावर काहीही उभं करा. पण एक-दोन गाड्यांच्या जागेसाठी यंत्रसामग्री आणणारा कंत्राटदार क्वचित मिळतो, आणि कुरडया घालायला ते कोणाला आवडत नाही. खरखरीत ग्रॅनाइट उत्तम, पण जड आणि महाग. कोकणातल्या उघड्या अंगणात मी जांभाच ठेवीन.

फ्लॅटवाल्यांसाठी एक सावधगिरी. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं नहालचंद लालूचंद प्रकरणात स्टिल्ट पार्किंग ही सामायिक जागा असल्याचं आणि बिल्डरला ती गॅरेज म्हणून वेगळी विकता येत नसल्याचं सांगितलं. तेव्हा आपल्या नावाच्या पट्ट्यात स्वखर्चानं टाइल घालायची असली तरी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. खाली तळघर असेल तर वॉटरप्रूफिंगची जबाबदारी कोणाची, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावं.

जुन्या फरशीवरच नवी बसवायची असेल तर आधी प्रत्येक जुनी टाइल लाकडी मुठीनं ठोकून बघायची. जी पोकळ वाजेल ती काढून तिथला खड्डा भरायचा. नवी फरशी मसाल्यासकट पाऊण इंच वर येते, तेवढ्यात गेट अडणार नाही ना आणि घराची पायरी बुटकी होणार नाही ना, हे मोजून घ्यायचं. नवं काँक्रीट टाकलं असेल तर त्यावर अठ्ठावीस दिवस टाइल लावू नये, आणि टाइल लावल्यावर निदान आठवडाभर गाडी रस्त्यावरच उभी करावी. टाइल घेताना खोक्यावरचे शेड आणि कॅलिबरचे नंबर जुळवून घ्यावेत आणि दोन खोकी जास्तीची घेऊन माळ्यावर टाकावीत. वर्षभरानं त्याच नावाची टाइल मागितली तर दुकानदार ती देईलही, पण रंगाची छटा थोडी वेगळी असते आणि मापात मिलिमीटरचा फरक निघतो.